चादरीची दोन टोकं

नव्याण्णव सालच्या एका रविवारी गोदाबाई आणि त्यांची सून नम्रता कात्रजच्या सोसायटीत खाली नळावर चादरी धूत होत्या. वर पाण्याला जोर नव्हता. नात उत्कर्षा दुसऱ्या मजल्यावर बापाजवळ, अनिरुद्धजवळ होती.

"अहो आई, चादर पिळताय की माझा हात?"

"दिवसभर कॉम्प्युटरची बटणं दाबून जोर कुठून येणार, बाई!"

चादरीला पहिलाच पीळ बसला होता, तेवढ्यात एक इवलीशी चप्पल शेजारी येऊन पडली. गोदाबाईंनी वर पाहिलं. नव्या कॉम्प्युटरचं रिकामं खोकं गॅलरीत होतं. त्यावर चढून पोरगी कठड्यावरून वाकली होती, आणि वाकता वाकता सुटली.

मग सगळं सावकाश झालं.

गोदाबाईंना फ्रॉक फुगताना दिसला. डाव्या बाजूची शिवण उसवून लोंबणारा धागा दिसला. तारेवरच्या कावळ्याने मान वळवायला घेतली, ती पुरती वळवूनही झाली. अनिरुद्ध जन्मला तेव्हा सुईणीने त्याला असंच उलटं धरलं होतं, हेही आठवलं. भीती कुठेच नव्हती. पीळ सोडायचा, हात फाकायचे, पाऊलभर मागे सरायचं; सगळ्याला वेळ होता. आवाज तेवढा कशालाच नव्हता.

पोरगी चादरीत पडली. चादर फरशीला टेकली, पण ताण टिकला. उत्कर्षाने भोकाड पसरलं, तेव्हा कुठे जगाला आवाज आला.

अनिरुद्ध अनवाणीच जिना उतरून आला. त्याने लेकीचे हातपाय चाचपले आणि तिथेच बसला.

"मला काहीच आठवत नाही हो," नम्रता म्हणाली. "चप्पल पडली, आणि पोरगी चादरीत. मधलं काही नाहीच."

"नाहीच कसं? तिच्या फ्रॉकची डावी शिवण बघ, उसवलीय."

नम्रताने पाहिलं. धागा लोंबत होता. एरवी ती देव्हाऱ्याकडे पाही, तसं तिने सासूकडे पाहिलं.

"आई, फार तर एक सेकंद लागला असेल," अनिरुद्ध म्हणाला.

"एवढा मोठा असतो होय रे सेकंद?"

चादरीची दोन टोकं दोघींच्या हातात होती. एकीला मध्ये अख्खं अंगण सापडलं, दुसरीला उंबरासुद्धा लागला नाही.

दुपारची जेवणं झाल्यावर दमलेली पोर गोदाबाईंच्या मांडीवर झोपली. तिचं पोट वर-खाली होत होतं, गोदाबाई बघत बसल्या.

"आई, दिवेलागण झाली. पाय अवघडले असतील, द्या तिला इकडे," नम्रता म्हणाली.

गोदाबाईंनी दचकून खिडकीकडे पाहिलं. बाहेर अंधारत होतं. त्यांना तर वाटत होतं, आपण आत्ताच बसलो.