नऊ नंबरची हिरवी जर्सी

मित्रांनो, मी एक जुनी जर्सी आहे, इथवर माझी खात्री आहे. कोणत्या संघाची, ते मात्र मला आजही नीट सांगता येत नाही. माझा रंग हिरवा, आणि आमच्या फुटबॉलमध्ये हिरव्या रंगाची तालीम, म्हणजे संघ, मी तरी कधी पाहिली नाही.

शिंप्याने मला शिवले तेव्हा मी पिवळीधमक होते. जाड सुती कापड, पाठीवर काळा नऊ आकडा. औदुंबर तालमीचा, म्हणजे पिवळ्यांचा फॉरवर्ड बाळासो मला घालून खेळायचा आणि मॅच झाली की त्याची धाकटी बहीण शालू मला धुऊन दोरीवर टाकायची. मी वाळेपर्यंत ती मला राखत बसे, कारण गल्लीतली पोरे मला अंगात घालून पळत. त्या दिवसांची आठवण आली की आजही माझी शिवण सैल होते.

आमच्या कोल्हापुरात मुलाचे नाव बारशाला ठेवतात, पण त्याचा संघ त्याआधीच ठरलेला असतो. मुलगी मात्र सासरी गेली की आडनावाबरोबर तिचा संघही बदलतो म्हणे. हा रिवाज मला तेव्हाही समजला नाही. शालूचे लग्न केरबाशी झाले. तो गजलक्ष्मी तालमीचा, म्हणजे निळ्यांचा गोलकीपर.

लग्नानंतरच्या फायनलला बाळासोने शेवटच्या मिनिटाला गोल मारला, तोही केरबाच्या दोन पायांमधून. मी बाळासोच्या अंगावर नाचत होते. मला वाटले, सगळेच खूश झाले असतील. पण निळ्यांच्या पेठेत केरबाला रस्त्याने चालणे मुश्कील झाले. जो तो विचारी, "काय पावणं, मेव्हण्यासाठी दार उघडंच ठेवलंतासा व्हय?" शेवटी केरबाने घरात सांगून टाकले, की बाळासोचे नाव ह्या घरात निघायचे नाही.

त्याच वर्षी बाळासो काविळीने गेला. केरबा खांदा द्यायला गेला, पण घरातली बंदी तशीच राहिली.

बाळासोच्या आईने मला शालूच्या पदरात टाकले. पिवळा रंग निळ्यांच्या घरात ठेवायचा कसा? बिचारीने माझा आकडा उसवला, निळ्या रंगाची पुडी आणली आणि मला पातेल्यात उकळले. पिवळ्यावर निळा चढला की काय होते, ते तिला कोणी शिकवले नव्हते. मी पातेल्यातून हिरवी होऊन बाहेर आले. ती माझ्याकडे बघून आधी हसली, मग रडली. मी कोणाची, हे तेव्हापासून मला कळेनासे झाले. मग ट्रंक, डांबरगोळ्या आणि पन्नास वर्षे. ट्रंकेत असताना बाळासोचे नाव माझ्या कानावर एकदाही पडले नाही.

आता शालूची शालूबाई झाली आहे. तिची नात वर्षाराणी कॉलेजच्या संघातून खेळते, आणि तिला एक चोरटे दुखणे आहे. निळ्यांच्या घरात जन्मून तिला पिवळे आवडतात. का, ते तिलाही सांगता येत नाही. आबा, म्हणजे तिचे आजोबा केरबा, घरात नसले की ती मोबाइलवर पिवळ्यांची मॅच लावते आणि आजी शेजारी डाळ निवडत बसते. परवा पिवळ्यांचा फॉरवर्ड चेंडू घेऊन घुटमळला, तशी आजी तोंडातल्या तोंडात म्हणाली, "मार की रं आता. किती इचार करतुयास!"

वर्षाराणी मोबाइल सोडून तिच्याकडे बघत राहिली. "आज्जी, तू त्येंच्याकडनं हायस?"

शालूबाईने डाळीचे ताट बाजूला ठेवले. मग उठली, ट्रंक उघडली, मला बाहेर काढले आणि हळू आवाजात सगळे सांगितले. आपल्या आजीला फुटबॉल खेळणारा भाऊ होता, हे त्या पोरीला विसाव्या वर्षी कळले. तिने मला अंगात घातले. इतक्या वर्षांनी ऊब लागली आणि मला काही सुचेनासे झाले.

तेवढ्यात केरबा दारात आला. "आबांना कळलं तर?" ही भीती दोघींच्या तोंडावर मला स्पष्ट दिसली. मला तर वाटले, आता माझे फडके होणार.

"कॉलेजची हाय, आबा," वर्षाराणी घाईने म्हणाली, आणि शालूबाईने डाळीचे ताट पुन्हा हातात घेतले.

"वळ बघू."

ती वळली. केरबाचा खरबरीत अंगठा माझ्या पाठीवर, उसवलेल्या टाक्यांच्या भोकांवरून फिरला. "नऊ नंबर हुता," तो म्हणाला.

शालूबाईच्या हातातले ताट कलंडले. "तुमास्नी ठावं हुतं?"

"पयल्या दिसापासनं."

"मग बोलला न्हाईसा कंदी? बंदी तुमीच घातलीती की."

"घातलीती," केरबा खाली बसत म्हणाला. "उठवायची कशी, त्येच कळंना."

तो ताटातून सांडलेली डाळ एकेक करून वेचू लागला. शालूबाई तिथेच उभी राहिली आणि पन्नास वर्षांनी त्या घरात म्हणाली, "बाळासो." एकदा म्हणाली, मग परत म्हणाली.

मित्रांनो, जुने कपडे बोहारणीला देण्याआधी झटकून बघा, एवढेच मी सांगणार होते. पण आता वाटते, तुमच्या घरात एखादे नाव कोणी घेत नसेल, तर ते विचारा. रागावतील म्हणून गप्प बसू नका. ज्याने बंदी घातली, तो म्हातारा दारात उभा राहून कोणीतरी विचारायचीच वाट बघत असेल.