टर्बोची शिट्टी

"गेली की नाही शिट्टी?" कवळीवाल्यांनी गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं. उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता, इंजिन रेस होत होतं आणि चेहऱ्यावर वरच्या वर्गात ढकललेल्या पोराचा आनंद होता.

बायको फाटकापाशी पिशवी घेऊन उभी होती. तिने गाडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बसू का आत? लेक वाट बघत असेल."

याला काही उत्तर म्हणत नाहीत. पण लग्नाला इतकी वर्षं झाली की माणूस बायकोच्या बोलण्यातून आपल्याला हवं ते उत्तर काढून घ्यायला शिकतो. कवळीवाल्यांनी ते 'हो' धरलं.

कवळीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवत, आणि घराच्या मागच्या खोलीत बसून हे त्या मापाच्या कवळ्या करत. एक टेबल, एक दिवा, मेणाचे डबे आणि गरगर फिरणारं घासायचं छोटं यंत्र, यात त्यांचा जन्म गेला होता. कवळी नीट बसली तर श्रेय डॉक्टरांना आणि टोचली तर खापर यांच्यावर, अशी एकूण वाटणी होती. तिची त्यांना सवय झाली होती. गल्लीत मात्र ते प्रसिद्ध होते, आणि ते या गाडीमुळे.

गाडी टर्बोची होती. म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा एक इवलासा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबायचा आणि दिसायला साधीसुधी असलेली ती गाडी चढावर भल्याभल्यांना मागे टाकायची. एका दातांच्या डॉक्टरांनी ती विकायला काढली तेव्हा लेक अजून शाळेत होती. आयुष्यात प्रत्येक वस्तू टिकाऊ आहे का, हे विचारून घेतलेल्या माणसाने ही एकच गोष्ट काही न विचारता घेतली. पुढे तिने सगळी उत्तरं आपणहून दिली. ती ऑइल पिऊ लागली. हवेचे रबरी पाइप तडकू लागले. कॉइल गेली की गाडी उचकी लागल्यासारखी चालायची. इंजिन थंड ठेवणारं कूलंट कुठे जातं ते कुणालाच सापडलं नाही. इंजिनाचा पिवळा दिवा एकदा लागला तो विझेचना, तेव्हा कवळीवाल्यांनी हिरड्या करायच्या गुलाबी मेणाचा एक तुकडा दाबून त्याच्यावर बसवला. प्रश्न मिटला असं त्यांचं म्हणणं होतं.

शिवाय गाडी पोहोचली की लगेच बंद करायची नाही, हा नियम होता. टर्बो तापलेला असतो, त्याला निवायला अवधी द्यायचा. त्यामुळे लग्न असो की दवाखाना, नवरा-बायको पोहोचल्यावरही गाडीत बसून राहायचे. पहिल्यांदा बायको चिडायची. मग तिच्या अंगवळणी पडलं. संसारातल्या निम्म्या गोष्टी त्यांनी अशा उभ्या गाडीत ठरवल्या होत्या, त्यात लेकीचं लग्नही होतं.

आता प्रश्न नातीचा होता. लेक सोमवारपासून पुन्हा नोकरीवर जाणार होती. तिच्या सहा वर्षांच्या पोरीला, चिंगीला, दुपारी शाळेतून आणून संध्याकाळपर्यंत सांभाळायला माणूस हवं होतं. बायको हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर दुपारपाळीला असायची, तेव्हा तिचा उपयोग नव्हता. कवळीवाल्यांनी हात वर केला. आजवर त्यांनी कशासाठी इतका हट्ट केला नव्हता. घरात बसून मेण वितळवण्यापलीकडेही आपण कुणाच्या कामाचे आहोत, असं त्यांना फार दिवसांनी वाटलं होतं. लेक तयार झाली, पण एका अटीवर: गॅरेजवाल्या मिस्त्रींनी गाडी तपासून हो म्हणायला हवं. चिंगीला घेऊन ती गाडी भर रस्त्यात बंद पडलेली तिला चालणार नव्हती.

आणि नेमकी तेव्हाच शिट्टी सुरू झाली होती. पाय दाबला की बॉनेटखालून बारीक, लांबलचक सूर यायचा. मिस्त्रींनी तेव्हाच बजावलं होतं, पाइप फाटला असेल तर ठीक, पण टर्बोचं बेअरिंग झिजलं असेल तर आवाज वाढत जाईल, आणि मग वेळ लावू नका. कवळीवाल्यांनी एका रविवारी स्वतः पाइप बदलला, क्लॅम्प आवळले आणि कान लावून बसले. शिट्टी कमी होत होती. रोज थोडी थोडी कमी होत होती. या आठवड्यात तर पार गेली. इतक्या वर्षांत या गाडीतली एखादी गोष्ट आपण बरी केली, असं प्रथमच घडलं होतं. म्हणून तर ते आज लेकीकडे जाता जाता ताठ मानेने मिस्त्रींकडे निघाले होते.

वाटेत ते एकटेच बोलत होते. शाळेच्या दारात कुठे उभं राहायचं, उन्हाचा पडदा कसा लावायचा, सगळं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. बायको खिडकीबाहेर बघत होती. रस्त्यावरची माणसं वळून गाडीकडे पाहत होती. जुनी गाडी अजून अशी पळते म्हटल्यावर पाहणारच, असं त्यांना वाटलं.

गॅरेजच्या दारातून गाडी आत शिरली तसे मिस्त्री दुसऱ्या एका गाडीखालून बाहेर आले आणि हात हलवत पुढे धावले. बंद करा, आधी बंद करा, म्हणत होते. कवळीवाल्यांनी हसून सांगितलं की थोडं निवू दे, नियम म्हणजे नियम. मिस्त्रींनी खिडकीतून हात घालून स्वतःच किल्ली फिरवली. इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"काका, कोपऱ्यापासून ऐकतोय मी. सायरन वाजवत आलात की तुम्ही."

कवळीवाल्यांना ती थट्टा वाटली. शिट्टी तर गेली, ते म्हणाले, आणि रविवारच्या पाइपची हकिगत सांगायला लागले. मिस्त्रींनी ती पुरती ऐकून घेतली. मग बॉनेट उघडलं, कवळीवाल्यांना शेजारी उभं केलं, गाडी सुरू केली आणि हाताने क्षणभर रेस दिली.

कवळीवाल्यांनी ऐकलं. इंजिनाची ओळखीची घरघर होती, पट्ट्याची सळसळ होती. बाकी स्वच्छ. समाधानाने मान हलवून त्यांनी वर पाहिलं, तर बायकोने कानावर तळहात दाबून धरला होता. बाकाखाली झोपलेलं गॅरेजचं कुत्रं उठून बाहेर चाललं होतं. मिस्त्री गाडीकडे पाहतच नव्हते. ते कवळीवाल्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

गाडी बंद झाली.

"काका, तुम्हाला हे येत नाही ऐकू?" मिस्त्रींनी हळू विचारलं.

कवळीवाले बायकोकडे वळले. "तुला येतं?"

"येतं."

"कधीपासून?"

"गेलीच नव्हती हो ती. वाढतच होती."

मग सांगितलं का नाहीस, असं त्यांनी विचारलं, आणि त्यात राग कमी आणि घाबरणं जास्त होतं. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तिला वाटलं होतं की त्यांना ऐकू येतंय, पण कबूल करायचं नाहीये. गाडीच्या बाबतीत त्यांचं नेहमी तसंच असायचं. त्या पिवळ्या दिव्यावर मेण लावलं तेव्हा ती काही बोलली होती का? दिवसभर टेलिफोनवर लोकांचे आवाज ऐकून घरी आल्यावर तिला नवऱ्याच्या आनंदाशी भांडायचं त्राण उरत नसे, हेही तिने सांगून टाकलं. आणि घरात आपण मोठ्याने बोलायला लागलो ते कधीपासून, हे तिचं तिलाही आठवत नव्हतं.

मिस्त्रींनी हवेचा पाइप काढून टर्बोच्या पंख्याला बोट लावलं. पंखा सैल दातासारखा हलत होता. बेअरिंग झिजत गेलं तसा आवाज वाढत वाढत बारीक पट्टीत चढत गेला, ते म्हणाले, आणि कान जायला लागले की बारीक पट्टीचेच आवाज आधी ऐकू येईनासे होतात. त्यांच्या वडिलांचे कान पत्रा ठोकून ठोकून गेले होते. घासायच्या यंत्रापाशी जन्म काढल्यावर काकांचे राहिले असते तरच नवल. मग आपण फार बोललो असं वाटून ते घाईने गाडीवर आले. टर्बोचा आतला गाभा बदलला की झालं, गाडीला बाकी काही धाड भरलेली नाही, तशी ती चिवट आहे. तुमच्या लेकीला आत्ताच फोन करून सांगतो. आज हळूहळू न्या, जोर देऊ नका, आणि परत येताना इथे सोडून जा.

म्हणजे अट पुरी झाली होती. गाडी पास झाली होती.

रस्त्याच्या कडेकडेने, सायकलींना पुढे जाऊ देत ते निघाले. सिग्नलला गाडी थांबल्यावर कवळीवाल्यांनी पुढे बघतच विचारलं, "चिंगी मागे बसते ना, तेव्हा ती काय करते?"

"काय करते म्हणजे? गाणी म्हणते. शाळेतली."

"नेहमी?"

"उतरेपर्यंत."

ते सगळ्यांना कौतुकाने सांगत आले होते की नात गाडीत बसली की कशी शहाण्यासारखी गप्प असते. समोर बसून बोलली की तिचं सगळं कळायचं. गाडीत, पाठीमागून, इंजिनाच्या घरघरीत, तिचा तो पातळ आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हता.

"मला हाक मारते?"

बायको उत्तर द्यायला तयार नव्हती, पण तिने दिलं. मागच्या रविवारी चिंगीचा सीटचा पट्टा सुटला होता. ती 'आबा, पट्टा' म्हणत राहिली होती. शेवटी बायकोनेच मागे वळून तो लावला. आबा काहीतरी विचार करत असतील, असं तिने पोरीला सांगितलं होतं. सोमवारपासून बायको शेजारी नसणार होती.

सिग्नल सुटला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तो मात्र त्यांना नीट ऐकू आला.

लेकीने दार उघडलं तेव्हा ती हसत होती. मिस्त्रींचा फोन येऊन गेला होता. तिच्या चेहऱ्यावरची कितीतरी दिवसांचा ताण उतरलेला दिसत होता. मिस्त्रींनी कानाचं काही सांगितलेलं नव्हतं, हे तिच्या बोलण्यावरून लगेच कळलं. बायको पाण्याचा पेला हातात घेऊन त्यात बघत राहिली. ती सांगणार नव्हती. सांगायचं की नाही हे तिने नवऱ्यावर सोडलं होतं, आणि तो गप्प राहिला असता तर तीही राहिली असती, हे त्यांना कळत होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. चिंगी सोमवारपासून त्यांची होती.

"गाडीचं होईल," कवळीवाले म्हणाले. "पण पोरीला मी आणणार नाही. मला मागचं ऐकू येत नाही, बाळा. ती हाक मारते ती मला कळत नाही."

लेकीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. कानाला यंत्र मिळतं बाबा, चांगली असतात आता, लेक म्हणाली. घेऊ की, ते म्हणाले. पण नवी कवळी बसवली म्हणजे पहिल्या दिवशी कुणाला जेवता येत नाही, हे त्यांना माहीत होतं, आणि कान यंत्राशी जुळेपर्यंत तिच्या पोरीवर प्रयोग नको होता. तोवर पाळणाघर बघ. हे सगळं त्यांनी कवळीचं माप सांगावं तसं सरळ सांगितलं. मग त्यांना खूप थकल्यासारखं झालं. लेकीने जवळ येऊन त्यांच्या सदऱ्याची चुरगळलेली कॉलर सारखी केली, आणि पाळणाघराचा नंबर शोधायला आत गेली.

चिंगी घरात नव्हती. मोठ्यांचं बोलणं चालू असतानाच ती उलटसुलट पायांत बूट घालून खाली पळाली होती आणि मागच्या सीटवर जाऊन बसली होती. कवळीवाले जिना उतरून गेले. सवयीने त्यांनी पुढचं दार उघडलं, पुन्हा लावलं आणि मागचं उघडून तिच्या शेजारी बसले. इतक्या वर्षांत आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर ते कधी बसले नव्हते. गुडघे पुढच्या सीटला टेकत होते.

गाडी कोण चालवणार, असं तिने विचारलं.

"कुणी नाही. आज नुसतं बसायचं. तू गाडीत म्हणतेस ना, ते गाणं म्हण."

ती पुढे तोंड करून सुरू करणार तेवढ्यात त्यांनी तिचे खांदे धरून तिला आपल्याकडे वळवलं. तिचे वरचे पुढचे दोन दात नुकतेच पडले होते आणि त्या फटीतून जीभ डोकावत होती. चिंगी गाऊ लागली. कवळीवाले तिच्या ओठांकडे बघत होते, आणि पहिलं कडवं संपता संपता त्यांचेही ओठ हलू लागले.