मेंदीखालची नखं

मित्रांनो, मला भंगारात काढायला निघाले होते, पण मी गेलो नाही. गाबेस शहरातल्या एका इस्पितळातल्या सोनोग्राफी यंत्राचा मी जुना प्रोब आहे, म्हणजे अंगावर टेकवायचा भाग; काडेपेटीएवढं तोंड आणि चिकटपट्टी गुंडाळलेली वायर. कातडीखालचं बारीकसारीक पाहण्यासाठीच मला घडवलं. उमेदीत मी फुटबॉल खेळणाऱ्यांचे स्नायू तपासले, शाबासकी मिळवली. मग नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी कपाटात झाली. चार वर्षं धूळ खाल्ली. राग आला होता, खोटं कशाला बोलू?

त्वचेच्या डॉक्टर इब्तिसाम यांनी मला जुन्या यंत्रासकट बाहेर काढलं. त्यांच्यापुढे बसल्या होत्या मबरूकामावशी, नवऱ्यामुलींना मेंदी लावणाऱ्या. नखं जाड, खडबडीत झाली म्हणून त्यांनी ती मेंदीनेच काळीभोर करून लपवली होती. शुक्रवारी भाचीचं लग्न होतं, आणि बरोबर आलेली सख्खी बहीण जमीला तपासणीला आलेल्या साऱ्या बायकांदेखत म्हणाली, "तू ये, जेव. पण माझ्या पोरीच्या हाताला हात लावू नकोस. तुझी बुरशी तिला नको."

"बुरशी नाही हो ती," डॉक्टर म्हणाल्या. "नखं दोनदा तपासलीत."

मोठे डॉक्टर दारातूनच बोलले, "मेंदीखालचं काय दिसणार? सहा महिन्यांनी नखं वाढली की बघू. आणि ते खोकं भंगारात द्या."

मेंदी माझ्या आड येते होय! डॉक्टरांनी नखावर जेलचा जाड थर घातला आणि मला अलगद टेकवलं. दाबलं असतं, तर नखाखालचं रक्त दिसलंच नसतं. मी पडद्यावर सगळं मांडलं: एरवी वेगळ्या दिसणाऱ्या नखाच्या दोन रेघा फुगून एक झालेल्या, खाली रक्ताची लाल गर्दी आणि सूज थेट बोटाच्या सांध्यापर्यंत.

"सोरायसिस आहे. हात लावल्याने पसरत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बोटं दुखतात ना, मावशी?"

"दोन वर्षं झाली. वय झालं म्हणून गप्प बसले."

"वय कसलं? औषध आहे याला. आजच सुरू करू."

जमीलाची मान खाली गेली. "मग... शुक्रवारी लवकर ये," ती पुटपुटली.

"येईन की!" मावशींनी पिशवीतून मेंदीचा कोन काढला. "पण आधी तू हात पुढे कर. इथेच, या सगळ्यांदेखत."

जमीलाने इकडेतिकडे पाहिलं आणि मुकाट्याने हात पुढे केला.

मित्रांनो, काम झालं की मला पुसून ठेवा, वायरला पीळ देऊ नका, आणि जुना म्हणून फेकाल तर खबरदार! कुणाच्या नखांना नावं ठेवण्याआधी एवढंच विचारा, दुखतं का? दोन वर्षांत त्या माउलीला तेवढं कुणीच विचारलं नव्हतं.