बोलता येईल इतकाच वेग

माई गेली तेव्हा बाबा रडले नाहीत. सुतक संपलं आणि त्यांनी धावायला सुरुवात केली.

आधी दोघं नवरा-बायको रोज सकाळी बदलापूर गावातून सोनिवलीकडे चालायला जायचे. बाबांना हृदयाचा त्रास झाल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. माईच्या गप्पा कधी संपायच्या नाहीत, त्यामुळे वेग आपोआप आवरला जायचा.

आता बोलायला कुणी नव्हतं.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले होते?" प्राची पुन्हा पुन्हा विचारी.

"अगं, सावकाश चाललो की डोकं लख्ख होतं, मग माई जास्तच आठवते. दम लागेपर्यंत पळालं की त्यातून सुटतो बघ. तूच वाचून दाखवलंस ना?"

वाचून तिनेच दाखवलं होतं. हलक्या व्यायामाने मेंदूतले लक्ष देणारे भाग एकमेकांशी घट्ट जुळतात, जोराच्या व्यायामाने भावनांचे. मन दोन्हींनी उजळतं. त्यांनी घराबाहेर पडावं, एवढाच तिचा हेतू होता. बाबांनी त्यातलं हवं तेवढं उचललं.

रविवारी तीही सोबत निघाली, वाटभर बोलत राहायचं ठरवूनच. नव्या इमारतींजवळच्या चढावर बाबांनी हात सोडवून घेतला.

"आईवर गेलीस अगदी! किती बडबडतेस!" म्हणाले, आणि पळत सुटले.

ते वळणाआड गेले तशी तीही जीव तोडून पळाली.

बाबा कुंपणाला टेकून बसले होते. चेहरा राखेसारखा, ओठ निळे, आणि त्यावर हसू.

"बघ... आता काहीच... वाटत नाही."

तिलाही दुःख जाणवत नव्हतं. छाती फुटेस्तोवर धावून आलेल्या तिच्या अंगात माईनंतर पहिल्यांदाच आनंद भरला होता. काय घडतंय ते तिला स्वच्छ कळत होतं. भीती तेवढी येत नव्हती. एका हाताने त्यांचा हात धरून तिने रुग्णवाहिकेला फोन लावला.

"माझे वडील... छातीत..." धाप आणि हसू एकमेकांत मिसळलं.

"मॅडम, हसताय काय? सकाळी सकाळी मस्करी करायला आम्हीच सापडलो का?"

फोन कट झाला.

तिने पुन्हा नंबर लावला. रिंग वाजत असताना धाप हळूहळू ओसरली, आणि मग भीती आली, सगळी एकदम. तोवर बाबांच्या हाताची पकड सुटली होती.