हलक्या गाडीचा जड अ‍ॅक्सल

मित्रांनो, मी एका टॅक्सीचा मागचा अ‍ॅक्सल आहे. जुना म्हणण्याच्याही पलीकडे गेलेला. माझ्या दोन टोकांना दोन चाकं असत आणि पोटात दातेरी चक्रं. इंजिनाने लावलेला जोर मी चाकांपर्यंत पोचवत असे.

भट्टीत तापलो, साच्यात निवलो आणि टॅक्सीखाली जाऊन बसलो, तो एकोणीस वर्षं. आत पाच माणसं, टपावर त्यांचं सामान. लोक टॅक्सीचा रंग बघत, गादी दाबून बघत. खाली वाकून कोण बघतंय? बघणारा एकच, टॅक्सीचा मालक. त्याची भाची त्याला मामा म्हणे, म्हणून आपणही मामाच म्हणू. टॅक्सी मोडीत निघाली तेव्हा मामांनी मला तेवढं सोडवून आणलं, घासूनपुसून ठेवलं. रोज सकाळी फडकं घेऊन यायचे आणि माझ्याशी बोलायचे. घरात दुसरं कोणी ऐकून घेणारं नव्हतं.

भाची लेथवर काम करायची. सुट्टीच्या दिवशी घरामागच्या शेडमध्ये ती स्वतःची गाडी बांधत होती. दोन माणसांची, बुटकी, पळायला वाऱ्यासारखी. पाईप जोडून सांगाडा केला, त्यावर पातळ पत्रा. मागचा अ‍ॅक्सल तेवढा ठरायचा होता. तिच्यापुढे आम्ही दोघं होतो : मी, आणि तिच्या ओळखीच्या वेल्डरने आणलेला एका लहान गाडीचा काटकुळा अ‍ॅक्सल.

चेनकप्पीला वजनकाटा अडकवून तिने आधी त्याला टांगलं. बेचाळीस किलो. मग मला. शहाऐंशी.

"हा अ‍ॅक्सल आहे की पुलाचा खांब?" वेल्डर म्हणाला. "अख्खी गाडी भरणार पाचशे किलो. हा खाली बसला तर खड्ड्यात गाडीच टुणटुण उडेल, बाई."

"कळतंय मला."

तेवढ्यात मामा आले. टांगलेल्या मला बघून त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "एकोणीस वर्षांत एकदा कुरकुरला नाही. काय गं, किती भरला?"

वेल्डरने तिच्याकडे पाहिलं. तिने मला खाली उतरवलं आणि काटा काढून खिशात टाकला.

"फार फरक नाही, मामा. हाच बसवू या."

मामांचा चेहरा पाहायला हवा होता. टॅक्सी गेल्यापासून त्यांना सकाळी उठून जायला ठिकाण नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आठच्या ठोक्याला ते शेडमध्ये हजर. आणि मी? मी फुगलो. मला वाटलं, माझी निवड झाली. मित्रांनो, तिथे नुसती कीव आली होती, आणि तीही माझी नाही.

गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि वेल्डरचं बोलणं खरं झालं. भारी टॅक्सी मला खाली दाबून धरायची. या पोरसवदा गाडीला ते कुठून जमणार? खड्डा आला की मी उसळी घ्यायचो आणि तिला पाठीमागून उचलून आपटायचो. भाचीने स्प्रिंग बदलल्या. टायरमधली हवा कमी केली. मग तिला वाटलं, बाकीचं वजन उतरवावं. तिने सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांना भोकं पाडली, दारांचं अस्तर काढलं, जाड काच काढून पातळ बसवली.

"अगं, गाडी हलकी करशील तेवढा हा जास्त जड होईल," वेल्डर वैतागून म्हणाला. "उतरवायचं तर याला उतरव."

"तो राहू दे."

एका सकाळी मामा तिच्या शेजारी बसले. वळणावर डांबर उखडलं होतं. मी उडालो, चाकं जमिनीवरून सुटली आणि गाडी आडवी होऊन कुंपणाच्या भिंतीवर गेली. भाचीला खरचटलं. मामांचा उजवा हात मनगटात मोडला.

प्लास्टर घालून ते शेडमध्ये आले ते बोलतच. "अ‍ॅक्सलला नावं ठेवू नकोस. तुलाच वळण घेता येत नाही."

तिने पान्हा पुसून खाली ठेवला. म्हणाली, "मामा, तो दुप्पट जड आहे. तोलला त्या दिवसापासून मला माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू त्याला रोज पुसत होतास."

मामा खाली बसले. "एकोणीस वर्षं लोकांच्या पोराबाळांना सुखरूप पोचवलं मी. मला सांगितलं असतंस, तर मीच उचलून बाहेर ठेवला असता त्याला. तू मला खेळणं देऊन गप्प बसवलंस होय?"

मामा उठले, ते पुन्हा शेडमध्ये आले नाहीत. मनगट जुळलं. माझ्यावर फडकं मात्र कोणी फिरवलं नाही.

काटकुळा अ‍ॅक्सल बसला आणि गाडी पाण्यासारखी वाहू लागली. शेजारची सीट रिकामीच असे. मला शेडमागे, पन्हळीच्या तोंडाशी टाकलं. टाकून द्यायचा धीर नाही, ठेवायची इच्छा नाही, असा मी तीन वर्षं तिथे पडून होतो. पोटातल्या तेलात पाणी शिरलं. बेअरिंग गंजून एकजीव झाली.

मग परवा एकजण आला. त्याला विटा वाहायचा ट्रेलर करायचा होता. मला एका टोकाने उचलून बघितलं आणि खूश झाला. "वा, चांगला दणकट आहे. असाच जड हवा होता." मी शहारलो. त्याने माझं टोक धरून फिरवलं. फिरलं नाही. दोन्ही हातांनी जोर लावला. मग हात पँटला पुसत भाचीला म्हणाला, "ताई, आधी कळवलं असतंत तर नेला असता. आता काय उपयोग?"

मित्रांनो, मी कोणाच्याच कामाचा नव्हतो असं नाही. ट्रेलरखाली मी आणखी वीस वर्षं काढली असती. जी वस्तू तुम्हाला नको, तिला नको म्हणा. मला वाईट वाटेल म्हणून थांबू नका. फक्त ती दुसऱ्या कोणाला हवी असण्याचे दिवस आहेत तोवर म्हणा. आणि ज्या माणसाने तिला जपलं, त्याच्यासमोर म्हणा. त्याला ऐकवत नाही असं तुमचं तुम्हीच ठरवू नका.