एकोणीस पावलं

आमच्या टेकडीवरचा ससा लंगडा होता. खालच्या रस्त्यावरून पाहिलं की हिरव्या उतारावर, गवत काढून खालच्या खडूच्या दगडात कोरलेला, सत्तर मीटर लांबीचा पांढरा ससा धावताना दिसायचा, पण मागे ताणलेला पाय आखूड, जणू धावता धावता कुणी तो ओढून धरलाय. पबच्या पाटीवर तो तसाच रंगवलेला आहे, शाळेच्या स्वेटरवर तसाच विणलेला आहे. कुणी सांगायचं, शिकाऱ्याचा बाण लागला. कुणी सांगायचं, तो ससा नव्हेच, चेटकीण आहे. मी हॅकबरीत एकतीस वर्षं राहते आणि अजून ‘बाहेरची’ आहे, त्यामुळे दोन्ही गोष्टी मला बऱ्याच जणांनी ऐकवल्या.

दर सात वर्षांनी जून महिन्यात गाव ससा घासायला टेकडीवर चढतं. तण उपटायचं, कडेने आत सरकलेलं गवत कापायचं, वर नवा खडू पसरून धुमसाने ठोकायचा. पण त्याआधी दोरी. खुंट्या ठोकून, दोरी ताणून सशाची कड आखल्याशिवाय कुणी फावडं लावत नाही. आणि मागच्या पायाची खुंटी टफिन घराण्यातल्या माणसानेच, पावलं मोजून, ठरवायची. एकोणीस पावलं. सगळं गाव मोठ्याने मोजतं.

मी आल्यापासून ही पावलं एव्हिस टफिनच टाकत. चाळीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलेलं, म्हणून त्या सगळ्यांच्याच बाई. त्यांची चाल ठरलेली होती. लहान, आवरून धरलेली पावलं, प्रत्येक पावलाआधी किंचित थांबणं. मुलं शाळेच्या पटांगणात तिची नक्कल करायची. मला तो विधीचाच भाग वाटायचा.

यंदा समितीने मला ससा मोजून द्यायला सांगितलं. माती हा माझा विषय. विद्यापीठातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि डेस्मंड पास्क, आमच्या समितीचा अध्यक्ष, गॅरेजवाला, मला रिकामी बसू देत नाही. एप्रिलमध्ये मी अर्ध्या अर्ध्या मीटरवर लोखंडी सळई जमिनीत दाबत गेले. इथे वीतभर मातीखाली ठिसूळ खडू लागतो आणि सळई त्यात रुतते. जिथे माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या खडू ठोकलाय तिथे ती थांबते, पुढे जात नाही. मागच्या पंजाची कड ओलांडल्यावर खरं तर ती पुन्हा रुतायला हवी होती. ती थांबतच राहिली. गवताखाली, पंजाच्या पुढे, चार मीटर सत्तर सेंटिमीटरपर्यंत.

मी ते तीनदा मोजलं. मग घरी येऊन साधा भागाकार केला. खऱ्या पायाची लांबी सतरा मीटर दहा. त्याला एकोणीसने भागलं की नव्वद सेंटिमीटर येतात, उंच माणसाचं पाऊल. दिसणाऱ्या पायाची लांबी बारा मीटर चाळीस. त्याला एकोणीसने भागलं की पासष्ट. ते लहान मुलाचं पाऊल होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टफिनबाईंकडे गेले. त्या मागच्या अंगणात वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत होत्या.

“बाई, ससा मोजून झाला.”

“आणि?” त्यांनी मागे न बघता विचारलं. “किती कमी भरला?”

मी काय सांगायला आले आहे ते त्यांना माहीत होतं. मी आकडा सांगितला.

“पंधरा फूट,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, वीस तरी असेल. आत ये, चहा टाकते.”

चहा त्यांनी टाकला, पण ओतला नाही.

“लेनर्ड माझा मोठा भाऊ. सहा फूट दोन इंच. एकोणीसशे एकोणचाळीसच्या जूनमध्ये पावलं त्याने टाकली. पुढच्या वर्षी लढाईत वरून विमानांना खूण दिसायला नको म्हणून ससा झाडोऱ्याने आणि मातीने झाकला. आमच्या शहाण्या गावाने खुंट्यासुद्धा उपटल्या. शत्रू हॅकबरीत येऊन खुंट्या मोजत बसणार होता जणू! चव्वेचाळीसमध्ये लेन नॉर्मंडीच्या लढाईत मारला गेला. शेहेचाळीसला ससा उघडायचा ठरला तेव्हा घरात जन्माने टफिन आम्ही दोघंच होतो. बाबांना पहिल्या लढाईतल्या गॅसने टेकडी चढवत नव्हती. उरले मी, बारा वर्षांची.”

“आणि तुम्ही एकोणीस मोजलीत.”

“मोजणार नाही तर काय करणार? आकडा सगळ्यांना पाठ होता. पाय कुणाचे, ते कुणी विचारलंच नाही.” त्यांनी चहाचं भांडं बाजूला सरकवलं. “दोरी संपली तिथे खणणारे थांबले. फावड्याखाली त्यांना पुढेही ठोकलेला खडू लागत होता, मेरिएल. मी पाहिलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मुलगा गमावलेल्या माझ्या आईबापाला दुखवायचं नाही म्हणून तिथेच पंजा कापला. आणि मला टाळ्या.”

“पुढच्या खेपेला दुरुस्त करता आलं असतं.”

“पुढच्या खेपेला मी एकोणीस वर्षांची होते, पाय लांब झालेले. सरळ चालले असते तर पंजाच्या पुढे गेले असते, आणि बाबा खाली खुर्चीत बसून बघत होते. मी पावलं चोरली, मुद्दाम आखूड टाकली. कुणी काही बोललं नाही. मग दर वेळी चोरत गेले. आता पोरं म्हणतात, अशीच चालायची रीत आहे.”

मला तेव्हा त्यांच्याकडे बघवेना. मी टेबलावरच्या दोरीच्या गुंड्याकडे बघत राहिले.

“लेनने शेवटचा ठोकलेला पाय गवताखाली आहे,” त्या म्हणाल्या. “मला तो उघडा पाहायचाय. याच जूनमध्ये. मी एकोणनव्वदची आहे, पुढची खेप मला कुणी देणार नाही. तू समितीला सांगशील?”

मी हो म्हटलं.

पुरातन वास्तूंच्या कार्यालयाने माझी मोजमापं पाहिली आणि कळवलं की जुन्या कडेच्या बाहेर खणायचं नाही, आणि गावाची संमती हवी. पहिली अट सोपी होती.

मे महिन्यात चर्चमागच्या हॉलमध्ये सभा भरली. मी आकडे सांगितले, नकाशा दाखवला. बाईंनी सांगितलेलं त्यांनीच उभं राहून पुन्हा सांगितलं, मला सांगितलं त्याहून कमी शब्दांत. त्यानंतर सगळे फार प्रेमाने बोलले.

“बाई, तुम्ही तेव्हा पोर होतात,” पबवाली म्हणाली. “कोण बोल लावणार तुम्हाला?”

“आम्हाला तो लंगडाच आवडतो,” मागून कुणीतरी म्हणालं. “दुसऱ्या गावांच्या टेकड्यांवरचे घोडे धडधाकट आहेत, त्यांना कोण विचारतं?”

लोक हसले. डेस्मंड केक खात उभा राहिला. “माझं म्हणणं असं की, बाई, तो पाय तुमचा आहे. गावाने तो सत्याहत्तर वर्षं सांभाळलाय. तुमच्यासाठीच. आता तो मोडायचा म्हणजे...”

“डेस्मंड, तोंडातला घास आधी संपव.”

त्याने संपवला. पासष्ट वर्षांचा माणूस, पण गिळताना मान खाली घातली.

“सत्याहत्तर वर्षं तुम्ही माझ्याशी चांगलं वागताय,” बाई म्हणाल्या. आवाज वर्गातलाच होता, मागच्या बाकापर्यंत पोहोचणारा. “तुमचे आजे वागले, तुमचे बाप वागले. एकजण जरी त्या दिवशी म्हणाला असता की, पोरी, चुकतंय, थोडी पुढे ये, तर मी रडले असते आणि पुढे गेले असते. संध्याकाळपर्यंत विसरलेही असते. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मी पुढे दहा वेळा त्या टेकडीवर खोटं चालले. माझ्यासाठी सांभाळलात म्हणता? मी मागितलं होतं का? मी आज पहिल्यांदा काहीतरी मागतेय.”

समितीने हात वर करून मत द्यायला सांगितलं. पबवालीने हात वर केला. नव्या पाटीचा खर्च तिलाच होता. मग पुढच्या रांगेतले, मग मधले. डेस्मंडचा हात शेवटी वर आला. तो रुमालाने तोंड पुसतोय असं मला आधी वाटलं.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी टेकडीवर दीडशे माणसं होती. बाईंना डेस्मंडच्या जीपमधून वर आणलं, पण पायाच्या सुरुवातीपर्यंत, मांडीपर्यंत, त्या स्वतः चालत गेल्या. मी आदल्या दिवशी चौघांना घेऊन जुन्या पायावरचं गवत लाद्यांसारखं कापून उचललं होतं. खालचा खडू राखाडी, बाहेरच्यापेक्षा गडद होता, आणि कड सुरीने कापल्यासारखी सरळ. एकोणचाळीसपासून तिला कुणी हात लावला नव्हता.

“बाई, काठी?” मी विचारलं.

“काठी आहे. तू बाजूला हो.”

त्यांनी दोरीचं टोक हातात घेतलं आणि चालायला लागल्या. या वेळी त्या पावलं चोरत नव्हत्या. म्हाताऱ्या माणसाचं पाऊल जेवढं पडतं तेवढं पडत होतं, अर्धा मीटर, काही वेळा त्याहून कमी. गाव नेहमीसारखं मोजू लागलं. एक. दोन. मुलांचा आवाज सगळ्यांत वर. सतरा, अठरा, एकोणीस.

एकोणीसला सगळे थांबले, नेहमीच थांबतात तसे. बाई आखूड पंजापर्यंतही पोहोचल्या नव्हत्या. त्या थांबल्या नाहीत. एक पाऊल शांततेत पडलं. बुटाखाली खडू कुरकुरला तेवढाच आवाज. माझ्या मनात सरळ आकडेमोड चालली होती, अजून चौदा, फार तर पंधरा. मी बाहेरची, मोजायला माझ्याने कशी सुरुवात होणार?

“वीस!” डेस्मंड ओरडला. “आणि आता एकवीस! तोंडं शिवली का रे तुमची?”

मग सगळे मोजू लागले, मोठ्याने, अडखळत, कारण हे आकडे या टेकडीवर कुणी कधी उच्चारले नव्हते. पंचविसाव्या पावलाला बाईंनी आखूड पंजा ओलांडला. तिथे त्यांनी खाली पाहिलं नाही. एकतिसाव्याला श्वास लागला म्हणून काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या. गाव आकडा पुढे न नेता वाट बघत राहिलं. कुणीही मदतीला धावलं नाही, आणि ते बरोबर होतं.

चौतीसला त्या जुन्या कडेला आल्या. बुटाचं टोक कडेला टेकवून त्यांनी दोरी जमिनीवर ठेवली.

“खुंटी,” त्या म्हणाल्या.

डेस्मंडने ठोकली. त्यानंतर फावडी चालू झाली. बाईंना कुणीतरी खाली चहाकडे न्यायला आलं तेव्हा त्यांनी मान हलवून नको म्हटलं आणि तिथेच खुर्ची मागवली. आखूड पंजाची बोटं जुन्या पायाच्या कडेबाहेर पसरली होती; त्यांच्यावर आम्ही एकेक गवताची लादी बसवत गेलो, सांध्यांत माती दाबत गेलो, पाणी शिंपडत गेलो. दुपारपर्यंत बाई बसून पाहत होत्या, बारा वर्षांच्या मुलीसाठी कापलेला त्या पंजाची सगळी बोटं झाकली जाईपर्यंत.