बेचाळीस घरांची बेरीज

बाबा गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी त्यांचं अर्धवट राहिलेलं काम हातात घेतलं. ते तीस वर्षं लाइनमन होते. निवृत्त झाल्यावर गावाच्या वीज आराखड्याची पाहणी त्यांनी अंगावर घेतली होती. कुठल्या घरात काय काय चालतं, कधी आणि किती वेळ, हे घरोघरी विचारून लिहायचं. त्या बेरजेवरून गावाच्या सौर केंद्राचा आकार ठरणार होता, आणि एकदा ठरला की दहा वर्षं त्यात बदल नव्हता. आकडा चुकला तर दिवे आहेत तसेच मिणमिणत राहणार. बेचाळीस घरांपैकी अकरा बाबांनी लिहून ठेवली होती. शुक्रवारपर्यंत उरलेली करायची होती. एक घर सोडून बाकीची मी चार दिवसांत उरकली.

लोक माझ्याशी फार चांगले वागले. घोळ तिथेच झाला.

"आमचं काय, एक दिवा नि एक पंखा," शिंपीकाका म्हणाले आणि मला बसायला खुर्ची दिली. आमच्या शेजारच्या दूधवाल्या मावशींनी माझा हात कितीतरी वेळ सोडलाच नाही. म्हणाल्या, "सगळ्यांना देऊन उरेल ते आम्हाला, बाळा." गिरणीवाले म्हणाले, "गिरणी डिझेलवर चाललीय की. उगाच कशाला?"

मी लिहीत गेले. प्रत्येक दारात आधी बाबांविषयी चार शब्द व्हायचे, मग उलटून काही विचारायचं त्राण माझ्यात उरत नसे.

गुरुवारी सकाळी जिल्ह्याच्या कार्यालयातून इंजिनिअर आली. माझ्याहून लहान, बोलायला तिखट. तिने बेरीज पाहिली.

"चौदा किलोवॉट? ताई, तुमच्या बाबांच्या अकरा घरांचेच आठ होतात. मग बाकीच्या तीस घरांत लोक काय, डोळे मिटून बसतात?"

बाबांशी खोटं बोलण्यात अर्थच नव्हता. कुणाची वायर किती तापते हे त्यांना खांबावरून कळायचं. मला कुठलं कळायला?

मी तडक शिंपीकाकांकडे गेले. दार उघडंच होतं. कोपऱ्यात चादरीखाली काहीतरी होतं आणि चादरीतून वाफ येत होती.

"काका, ती इस्त्री ना?"

ते ओशाळले. "अगं, तुझे वडील गेलेले. तुझ्यासमोर हे हवं, ते हवं, असं कोणत्या तोंडाने मागायचं? शिवाय आम्ही जास्त लिहिलं की दुसऱ्या कुणाचं कमी होणार."

"कमी नाही होत, काका. ही वाटणी नाही, बेरीज आहे. जेवढी गरज, तेवढं मोठं केंद्र."

"असं सगळेच सांगतात," ते म्हणाले, आणि इस्त्रीवरची चादर पुन्हा नीट केली.

दुपारी शाळेच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. शिंपीकाकांना समजावून जे जमलं नव्हतं ते तीस जणांना समजावून जमणार नव्हतं. मी फळ्यापाशी उभी राहिले आणि म्हणाले, "आज स्वतःच्या घराचं कुणी सांगायचं नाही. शेजारच्याचं सांगायचं."

आधी शिंपीकाकाच खाकरले. "गिरणीवाल्यांकडे फ्रिज आहे. त्यात बर्फ धरत नाही हा भाग वेगळा."

"आणि याच्याकडे इस्त्री!" गिरणीवाले उसळले. "दिवसभर! वर पिकोचं मशीन!"

"तुझी गिरणी सांगू का?"

"मावशींना दूध गार ठेवायला पेटी लागते," मागून कुणाची तरी सून म्हणाली. "त्या मरेपर्यंत मागायच्या नाहीत. रोज अर्धं दूध नासतं त्यांचं."

"अर्धं नाही गं," मावशी खाली बघत म्हणाल्या. "पाव."

तासाभरात फळा भरला. एकतीस किलोवॉट. आता इंजिनिअरच्या भुवया वर गेल्या. "एवढं मंजूर होईल, पण गिरणी कडक उन्हातच चालवायची. अकरा ते तीन."

"म्हणजे माझी दुपारची झोप गेली," गिरणीवाले म्हणाले.

"डिझेलही गेलं ना, काका," मी म्हणाले.

"डिझेलवर कुणाचं प्रेम होतं? झोपेवर होतं." सगळे हसले. हसणं ओसरल्यावर ते हळूच म्हणाले, "लिहा. अकरा ते तीन."

इंजिनिअरने यादीवरून बोट फिरवलं. "एक घर राहिलं."

"ते आमचं," मी म्हणाले. "मी शहरात परतले की बंदच राहणार. शून्य लिहा."

"शून्य कशाला?" मावशी बाकावरून उठल्या. "शेजारीण मी आहे. दोन दिवे, एक पंखा, पाण्याची मोटर. नि टेबलावरचा दिवा वेगळा धरा, ही वाचत बसते."

"मी इथे राहत नाही, मावशी."

"येशील तेव्हा काय काळोखात बसणार आहेस?"

इंजिनिअरने खाली मान घालून लिहायला घेतलं. "टेबलावरचा दिवा किती तास?"

खोलीतले सगळे माझ्याकडे बघू लागले.

"तीन," मी म्हणाले.

"कमी सांगतेय," मावशी म्हणाल्या.

इंजिनिअरने पाच लिहिले.